पुढच्यास ठेच, मागचा शहाणा: कमांड लाइनच्या अपडेटमागचा इतिहास

(या भागाचा लिखित मजकूर. भागात कमांड जशा उच्चारल्या, तशाच इथे लिहिल्या आहेत.)



फोनवर अपडेट आलं की आपण काय करतो? रात्री चार्जिंगला लावतो, 'इन्स्टॉल' दाबतो आणि झोपतो. त्यात नवीन काय आहे ते कोणी वाचत नाही. वाचलं तरी दोनच ओळी असतात: 'काही त्रुटी दूर केल्या, वेग सुधारला.' कोणती त्रुटी, कोणाला भोवली, काही पत्ता नाही.

आज आपण अशाच अपडेटच्या नोंदी वाचणार आहोत. पण त्या ॲपच्या नाहीत. एलएस, सीपी, आरएम, डेट या लिनक्सच्या अगदी छोट्या कमांडच्या आहेत. एलएस म्हणजे फोल्डरमध्ये काय आहे ते दाखव. सीपी म्हणजे कॉपी कर. आरएम म्हणजे काढून टाक. या कमांड पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आहेत. मग प्रश्न असा, की फाइल पुसणाऱ्या कमांडमध्ये पन्नास वर्षांनी 'नवीन फीचर' काय येणार?

येतं. आणि त्यातल्या बऱ्याच फीचरच्या मागे कोणाची तरी ठेच असते.

'आम्ही तर फोनवाले, आम्हाला काय त्याचं?' असं वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो. तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल तर या कमांड त्याच्या आतही आहेत. 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 6 पासून 'टॉयबॉक्स' नावाचा एक संच फोनमध्ये असतो. रॉब लँडली यांनी तो सुरू केला. एलएस, सीपी, आरएम सगळं त्यात आहे. फक्त आपल्याला दिसत नाही.

इतकी छोटी नावं का?

गोष्ट सुरू होते 1969 मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख असलेली त्याची पहिली माहितीपुस्तिका निघाली. तिच्यात एलएस, सीपी, आरएम, डेट आहेत.

तेव्हा टेबलावर स्क्रीन नसायची. असायचं टेलिटाइप यंत्र. टाइपरायटरसारखं खडखड वाजणारं, कागदाच्या गुंडाळीवर छापणारं. टेलिटाइप मॉडेल 33 चा वेग होता सेकंदाला 10 अक्षरं. तुम्ही व्हॉट्सॲपवर 'ओके' लिहून पाठवेपर्यंत त्याचे जेमतेम काही शब्द छापून होणार! शिवाय कळा जड, बोटं दुखायची. म्हणून नावं दोन-दोन अक्षरांची. आणि म्हणूनच काम नीट झालं तर कमांड काहीच बोलत नाही. 'फाइल यशस्वीरीत्या पुसली' असं छापण्यात कागद आणि वेळ कोण घालवणार?

हा गप्प राहण्याचा स्वभाव लक्षात ठेवा. पुढे बऱ्याच ठिकाणी तोच नडतो.

1973 मध्ये डग मॅक्लरॉय यांच्या आग्रहातून 'पाइप' आला. एका कमांडचं उत्तर थेट दुसऱ्या कमांडच्या तोंडात. इथून या छोट्या कमांड एकमेकींवर अवलंबून राहू लागल्या. लोकांनी त्या जोडून स्क्रिप्ट लिहिल्या. बँकांत, विद्यापीठांत, कारखान्यांत त्या स्क्रिप्ट रात्रंदिवस चालू लागल्या. आता एलएसच्या छापण्यात एक अक्षर जरी बदललं, तरी कुठेतरी कोणाची तरी स्क्रिप्ट मोडणार. म्हणजे अवजार जितकं जास्त वापरात, तितकं ते बदलणं अवघड.

तीन पेट्यांची एक पेटी

1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली: युनिक्ससारखी, पण सगळ्यांना मुक्तपणे वापरता, वाचता आणि बदलता येईल अशी यंत्रणा. त्यासाठी या सगळ्या कमांड नव्यानं लिहायच्या होत्या. त्यातल्या बऱ्याच डेव्हिड मॅकेंझी यांनी लिहिल्या. 1991 मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांचं लिनक्स कर्नल आलं आणि ग्नूच्या या कमांड त्याच्यावर बसल्या.

सुरुवातीला त्या तीन पॅकेजमध्ये विभागलेल्या होत्या. फाइलींच्या कमांड एकीकडे, मजकुराच्या दुसरीकडे, उरलेल्या तिसरीकडे. 2003 मध्ये तिन्ही मिळून 'कोअरयुटिल्स' झालं. पहिली स्थिर आवृत्ती 5.0. जिम मायरिंग आणि पुढे पॅड्रिग ब्रेडी ही ते सांभाळणाऱ्यांतली महत्त्वाची नावं. शंभरच्या आसपास कमांड आणि सांभाळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक.

प्रत्येक आवृत्तीबरोबर ते एक नोंदवही देतात: काय नवीन, काय दुरुस्त, काय बदललं. आता ती वही उघडू.

पुसणाऱ्या हाताला लगाम

आरएम ही कमांड विचारत नाही. रिसायकल बिन नाही, 'अनडू' नाही. 'आरएम, डॅश आरएफ, स्लॅश' याचा अर्थ होतो: मुळापासून सुरू कर, आतलं सगळं पुस, आणि विचारू नकोस. (कृपया करून बघू नका. मित्राच्या लॅपटॉपवर तर अजिबात नाही.)

ही भीती काल्पनिक नाही. 1998 मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी 2' बनत होता. कोणीतरी चित्रपटाच्याच फोल्डरमध्ये आरएम चालवली. पडद्यावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत फाइली एकेक करून गायब होऊ लागल्या. सुमारे 90 टक्के चित्रपट गेला. बॅकअप काढायला गेले तर बॅकअप नीट चालतच नव्हता. वाचवलं कोणी? गेलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शक बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर गाडीत ठेवून, गोधड्यांमध्ये गुंडाळून, अगदी जपून ऑफिसात आणला गेला.

2005 मध्ये सन कंपनीच्या सोलारिस 10 मध्ये आरएमनं पहिल्यांदा 'मुळापासून पुसणार नाही' असं म्हटलं. ग्नूच्या आरएममध्ये 'मूळ सांभाळ' हा पर्याय आला होताच. 2006 च्या 6.4 आवृत्तीत तो आपोआप लागू झाला. आता खरंच सगळं पुसायचं असेल तर 'मूळ सांभाळू नकोस' असं वेगळं, लांबलचक लिहावं लागतं. त्याच वर्षी आणखी एक सोय आली, मोठ्या आयची. तीनपेक्षा जास्त फाइली किंवा अख्खं फोल्डर पुसत असाल तर एकदाच विचारते: 'नक्की ना?'

मग प्रश्न सुटला? नाही. 'टॉय स्टोरी'चं फोल्डर मुळाशी नव्हतंच, त्यामुळे हा लगाम तिथे उपयोगी पडला नसता.

2011 मध्ये 'बंबलबी' नावाच्या एका ग्राफिक्सच्या प्रोग्रामच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये 'स्लॅश यूएसआर' नंतर चुकून एक स्पेस पडली. एका लांब पत्त्याचे दोन पत्ते झाले. त्यातला पहिला म्हणजे अख्खं यूएसआर फोल्डर, जिथे सिस्टीमचे बहुतेक प्रोग्राम राहतात. लोकांनी इन्स्टॉल केलं आणि प्रोग्राम साफ. एका रिकाम्या जागेनं!

2015 च्या जानेवारीत गेम्सच्या 'स्टीम' ॲपचं असंच झालं. स्क्रिप्टमधली ओळ म्हणत होती: स्टीमचं फोल्डर, मग स्लॅश, मग स्टार, म्हणजे आतलं सगळं पुस. काही परिस्थितीत 'स्टीमचं फोल्डर' ही जागा रिकामी राहिली. उरलं काय? स्लॅश, स्टार. इथे 2006 चा लगाम चालत नाही, कारण स्टारचा अर्थ आरएम लावत नाही. तो आधीच शेल लावतो आणि आरएमच्या हातात फोल्डरांची यादी देतो. आरएमला 'स्लॅश' दिसतच नाही. काही लोकांच्या सगळ्या वैयक्तिक फाइली गेल्या. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, ज्यानं ती ओळ लिहिली त्यानं वर शेरा मारून ठेवला होता: 'स्केअरी!' म्हणजे भीती वाटली होती, पण थांबला नाही.

एका अवतरणचिन्हावरून भांडण

आता दुसरी नोंद. जानेवारी 2016, आवृत्ती 8.25. एलएसमध्ये छोटासा बदल झाला. फाइलच्या नावात स्पेस असेल तर ते नाव एकेरी अवतरणचिन्हांत दाखवायचं. बस्स!

का? समजा फोल्डरमध्ये 'लाइट बिल मार्च' नावाची एक फाइल आहे. जुनी एलएस दाखवणार: लाइट, बिल, मार्च. फाइल एक की तीन? डोळ्यांना कळत नाही. ते नाव उचलून आरएमपुढे चिकटवलं, तर आरएम तीन वेगळ्या फाइली शोधणार. 'बिल' नावाची दुसरी फाइल असेल तर ती गेली. अवतरणचिन्हं असली की नाव जसंच्या तसं चिकटवता येतं. बंबलबीची स्पेस आठवली ना?

आणि बदल करताना काळजीही घेतली होती. चिन्हं फक्त माणूस स्क्रीनवर बघत असेल तेव्हाच दिसणार. उत्तर पाइपमधून दुसऱ्या कमांडकडे जात असेल तर एलएस पूर्वीसारखीच. म्हणजे स्क्रिप्ट सुरक्षित.

तरीही केवढा गदारोळ! 'इतकी वर्षं जसं दिसत होतं तसंच दिसायला हवं', 'आम्हाला विचारलं कोणी?' डेबियननं आपल्या पॅकेजमध्ये तो बदल मागे घेतला होता. कोअरयुटिल्सच्या लोकांना या एका विषयावर वेगळं पान लिहून कारणं द्यावी लागली. ज्यांना जुनंच हवं त्यांच्यासाठी मोठा एन आहेच.

मला यात दोन्ही बाजूंचं पटतं. सुतार रोज ज्या पटाशीनं काम करतो, तिची मूठ कोणी रात्रीत बदलली तर तो चिडणारच, नवी मूठ चांगली असली तरी. पण ज्याच्या हाताला जुन्या मुठीनं जखम झाली, त्याचंही कोणी ऐकायला हवं ना?

आधी पर्याय, मग सवय

या भांडणांतून एक रीत पडली. नवी गोष्ट आधी पर्याय म्हणून आणायची. ज्याला हवी त्यानं मागून घ्यावी. बरीच वर्षं वापरून झाली, की मग ती सगळ्यांसाठी आपोआप लागू करायची.

डीडीचं उदाहरण घ्या. पेन ड्राइव्हवर लिनक्स चढवायला ही कमांड वापरतात. 1970 च्या दशकातली आहे आणि टेलिटाइपच्या काळातली म्हणून गप्प. वीस मिनिटं चालू आहे की अडकली आहे, कळायचं नाही. बाहेरून एक सिग्नल पाठवला तर ती आकडे सांगायची, पण ही युक्ती माहीत किती जणांना? घाईत कोणी पेन ड्राइव्ह उपटायचा आणि सगळं फुकट. जुलै 2015 च्या 8.24 आवृत्तीत 'प्रगती दाखव' हा पर्याय आला. आजही तो मागावा लागतो. न मागता डीडी गप्पच.

सीपीचं बघा. 2009 मध्ये एक पर्याय आला: फाइलची खरी दुसरी प्रत काढू नकोस, डिस्कवरचे तेच तुकडे दोघांना वाटून दे, आणि कोणी बदल केला तेव्हाच वेगळं कर. 10 जीबीची फाइल क्षणात कॉपी! अर्थात फाइल सिस्टीमला हे जमत असेल तरच. हा पर्याय आपोआप लागू व्हायला 2021 उजाडलं, आवृत्ती 9.0. मध्ये बारा वर्षं.

इतकं सांभाळूनही ठेच लागलीच. 9.0 मध्ये सीपीनं फाइल सिस्टीमला आणखी एक प्रश्न नेमानं विचारायला सुरुवात केली: 'या फाइलमध्ये रिकाम्या जागा कुठे आहेत? त्या मी कॉपी करत बसत नाही.' प्रश्न बरोबर होता. पण झेडएफएस ही फाइल सिस्टीम अगदी नुकत्याच लिहिलेल्या फाइलबद्दल, फार क्वचित, चुकीचं उत्तर द्यायची. जिथे माहिती आहे तिथे 'रिकामं' म्हणायची. सीपी विश्वास ठेवायची आणि कॉपीत तिथे शून्यं यायची. मूळ फाइल चांगली, कॉपी खराब, आणि कोणी काही बोलत नाही! नोव्हेंबर 2023 मध्ये जेंटू वापरणाऱ्यांच्या हे लक्षात आलं. आधी संशय झेडएफएसच्याच एका नव्या फीचरवर गेला. ते बंद केलं तरी दोष उरला. शोधता शोधता कळलं, चूक बरीच जुनी होती. आतापर्यंत तिला धक्का लागेल असं फारसं कोणी काही विचारलंच नव्हतं. महिनाअखेरीस दुरुस्ती आली.

आणि आपली भाषा?

आता एक ठेच आपली. 'मराठी' हा शब्द घ्या. आपल्या दृष्टीनं अक्षरं किती? म, रा, ठी. तीन. कॉम्प्युटर काना आणि वेलांटी वेगळी धरतो, म्हणून त्याच्या दृष्टीनं चिन्हं पाच. आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, म्हणून बाइट पंधरा. शब्दमोजणीची डब्ल्यूसी ही कमांड बाइट विचारले तर 15 सांगते, चिन्हं विचारली तर 5. तीन हे उत्तर ती देत नाही.

पण कट या कमांडचं दुखणं मोठं होतं. तिला 'पहिलं अक्षर काप' असं सांगता यायचं. माहितीपुस्तिकेतही 'अक्षर' असंच लिहिलेलं. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं ती कापायची पहिला बाइट. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे तिकडे कोणाला फरक कळला नाही. आपल्या 'म'चा मात्र तिसरा हिस्सा हातात यायचा आणि स्क्रीनवर प्रश्नचिन्ह. रेड हॅट आणि सुसे यांनी आपापल्या पॅकेजमध्ये ठिगळ लावून हे चालवून घेतलं. मुळात दुरुस्ती लांबत राहिली.

यातून एक गोष्ट कळते. नोंदवहीत त्याचीच ठेच लिहिली जाते, जो येऊन सांगतो. जो मुकाट्यानं सहन करतो त्याच्यासाठी फीचर येत नाही.

नवं घर, जुन्या ठेचा

शेवटची नोंद अगदी ताजी. 2013 मध्ये जॉर्डी बोगियानो यांनी या सगळ्या कमांड रस्ट या नव्या भाषेत पुन्हा लिहायला घेतल्या. नाव 'यूयुटिल्स'. पुढे सिल्व्हेस्ट्र लेद्रू यांनी ते काम वाढवलं. रस्टचा फायदा असा, की मेमरीच्या वापरातल्या कित्येक घातक चुका ही भाषा होऊच देत नाही. आणि त्यांचा नियम कडक: आपली कमांड ग्नूपेक्षा वेगळी वागली तर तो आपला दोष. ऑक्टोबर 2025 मध्ये उबुंटू 25.10 आली, ती याच रस्टमधल्या कमांड घेऊन.

काही दिवसांतच लक्षात आलं, की काही मशीन आपोआप अपडेट तपासतच नाहीत. कारण? डेट ही कमांड. तिच्या 'डॅश आर' या पर्यायानं एखादी फाइल शेवटची कधी बदलली ते सांगायचं असतं. नव्या डेटमध्ये तो पर्याय लिहायचा राहून गेला होता. पण 'मला हे येत नाही' असं न म्हणता ती गुपचूप आत्ताची वेळ सांगायची. अपडेट तपासणारी स्क्रिप्ट विचारायची, 'मागची तपासणी कधी झाली?' डेट म्हणायची, 'आत्ताच.' स्क्रिप्ट म्हणायची, 'मग आज नको.' उद्याही तेच, परवाही तेच. हातानं अपडेट करणाऱ्यांचं नीट चालू होतं. पण आपोआप होतंय या भरवशावर बसलेल्यांच्या मशीनवर सुरक्षेची अपडेट येत नव्हती. दोष कळल्यावर त्याच महिन्यात दुरुस्ती निघाली.

बघा हं, दोष किती छोटा. पण एका स्क्रिप्टला त्या 'डॅश आर'ची गरज होती आणि ती स्क्रिप्ट नेमकी दारावरच्या पहारेकऱ्याची निघाली.

म्हणून नवं लिहूच नये का? तसं मी म्हणणार नाही. जुनं घर पाडून नवं बांधताना भिंती सरळ येतात, वायरिंग चांगलं होतं. पण जुन्या घरात उंबऱ्याजवळ कोणीतरी एक खिळा ठोकून ठेवलेला असतो. का ठोकला, ते आजीलाच माहीत असतं. खिळा काढला की पहिल्या पावसात कळतं.

कोअरयुटिल्सची नोंदवही म्हणजे त्या आजीची आठवण आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण तिथे आवृत्ती क्रमांक घालून लिहिलेली आहे. फक्त मागच्यानं ती वाचायला हवी.

तर आज रात्री फोनवर अपडेट आलं, की झोपण्याआधी एक मिनिट काढा. 'नवीन काय' उघडा. दोन ओळी असतील तर दोन. आणि तुमच्या मराठी मजकुराचं कुठल्या ॲपमध्ये असं मोडतोड झालेलं दिसलं, तर नुसता स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून हसू नका. ॲपवाल्यांना कळवा. तुमची ठेच नोंदवहीत गेली, तर पुढचा माणूस तिथे अडखळणार नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर बॅकअप घ्या, आणि घेतलेला बॅकअप उघडतो का, तेही एकदा बघा.